आज वार कोणता?

तेजलच्या दप्तरातून मी ते काढून घेतलं
नववीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर.
काळं कव्हर, त्यावर विहीर,
विहिरीत चंद्राऐवजी एका मुलाचा चेहरा.
'पेपर संपले की देते,' म्हटलं
आणि डब्याच्या पिशवीत कोंबलं.
घरात ठेवलं असतं तर तिनं हुडकलंच असतं.

रात्रपाळीला मी कोल्ड स्टोरेजच्या खिडकीशी बसते.
तासगावात बेदाण्याचा हंगाम म्हणजे
रात्री दीडलाही टेम्पो येतो,
सावळजहून, मणेराजुरीहून.
पेट्या मोजायच्या, पावती फाडायची,
मग पुढच्या टेम्पोपर्यंत नुसती कॉम्प्रेसरची घरघर.
पहिलं पान उघडलं
ते केवळ, पोरगी काय वाचते बघावं म्हणून.
असं मी स्वतःला सांगितलं.

केतकी सोळाची. नवं गाव, नवं वसतिगृह.
तिसऱ्या मजल्याला कुलूप.
आणि जिन्यात बसलेला नीरव,
जो अठरा वर्षं सोळाचाच आहे.
भेटला की आधी हेच विचारतो,
'आज वार कोणता?'
मेलेल्यांना म्हणे तारीख आठवते,
वार तेवढा निसटतो.

तो येण्याआधी खोली गार पडते.
इथं चार नंबरच्या चेंबरचं दार उघडलं
की तसाच गारठा फरशीवरून सरपटत येतो,
पायाची बोटं चाटतो.
एप्रिल महिना, बाहेर रात्रीही झळा,
आणि मी शाल गुंडाळून पान एकशे बारावर,
जिथं ती कुलपात किल्ली घालते.
बये, नको जाऊ!
आणि नसती गेली, तर मीच ढकललं असतं तिला.

तेवढ्यात काचेवर टकटक.
'वहिनी, आज वार कोणता?'
हातातलं पेन गेलं, पावतीबुक गेलं,
पुस्तक मात्र सुटलं नाही.
दस्तगीरमामा. वॉचमन.
डॉक्टरनं आठवड्याची गोळी दिलेली, रविवारची,
बारा वाजून गेले का तेवढंच त्याला हवं होतं.
'लागला रविवार, मामा,' मी म्हटलं,
हसू आवरेना, धडधड थांबेना.

पोरीनं समासात पेन्सिलीनं लिहिलंय.
बारीक, आपल्यापुरतं.
'हा खोटं बोलतोय.'
'इथं थांबले. पण झोपले नाही.'
पान एकशे साठवर नीरव केतकीला विचारतो,
'तुला भीती कशाची वाटते?'
शेजारी पेन्सिल: 'आई असं कधी विचारत नाही.'

टेम्पो आला. बेचाळीस पेट्या.
मी सत्तेचाळीस लिहिल्या.
खोडल्या.

मग पुढं वाचलं. काय करू, वाचलंच.
त्याला विहिरीत कुणी ढकललं
ते कळल्याशिवाय मला आकडे दिसत नव्हते.
चाळिशी ओलांडली, चष्मा दोनदा बदलला,
आणि एका नसलेल्या पोराच्या ओल्या केसांपायी
जीव टांगणीला.
शेवटची तीस पानं उरली आणि पाळी सुटली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं,
अजून तासभर असती तर.

घरी तेजल भूगोल घेऊन बसलेली.
तिनं माझे डोळे पाहिले, पिशवी पाहिली.
'कितव्या पानावर?'
'कशाच्या?'
कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
'दोनशे एकतीस,' मी म्हटलं, 'सांगू नकोस हां.'
'म्हणजे तो वॉर्डन अजून...'
'तेजल!'
ती ओठ दाबून हसली, सगळा शेवट तोंडात धरून.

चपाती उलटताना,
पाठ तिच्याकडेच ठेवून, विचारलं,
'तुला भीती कशाची वाटते गं?'

'भूगोलाची,' ती म्हणाली.
बराच वेळ काही नाही.
मग नकाशाची वही मिटल्याचा आवाज आला
आणि तिनं खुर्ची ओट्याजवळ ओढली.